बाजार न पाहिलेली नाणी

शिवलिंगअप्पांनी मला राहायला खोली दिली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याशी बोलणं बंद केलं.

मी नळदुर्गच्या सरकारी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. राज्य निजामाचं, शाळेत बोलबाला उर्दूचा, आणि मराठीचा मास्तर म्हणजे फोडणीतला कढीपत्ता; असला तर बरा, नसला तरी जेवण अडत नाही. पगारही त्याच मानानं होता. बाजारपेठेत अप्पांचं कापडाचं दुकान, दुकानाशेजारी घर आणि पुढच्या सोप्याला लागून ही रिकामी खोली. भाड्याचं बोलणं दोन वाक्यांत संपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला सोप्यावर बोलावलं. म्हणाले, "मास्तर, बसा. एक चीज दावतो."

त्यांनी आतून एक शिसवी पेटी आणली. आत मखमलीला गोल खाचा पाडलेल्या आणि प्रत्येक खाचेत एक नाणं. त्यातला एक रुपया त्यांनी धोतराच्या सोग्यात धरून माझ्यापुढं केला. मी रुपया घेतात तसा घेतला. अंगठा वर, बोट खाली. उलटून पाहिला, चारमिनार दिसला, म्हटलं, "छान आहे, नवा दिसतोय."

अप्पांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या घरातलं कुणी मारलं की काय. त्यांनी रुपया सोग्यातच परत घेतला, पेटी मिटली आणि आत गेले. पुढं कित्येक आठवडे त्यांनी मला हो की नाही म्हटलं नाही. शेवटी त्यांच्या घरच्या, गंगव्वा, ज्यांना सगळी पेठ अक्का म्हणायची, त्यांनीच मला एकदा ताक देता देता उलगडा केला.

"त्यांच्या रुपयाला अंगठा लावलात न्हवं तुमी? मग आता दिवाळीपातुर बोलायचे न्हाईत. माझ्याशी बी एकदा असंच झालं होतं. लगीन नवं होतं तवा."

"पण अक्का, रुपया हात लावायलाच असतो ना?"

"हे त्यांना सांगा," अक्का म्हणाल्या आणि ताकाचं भांडं घेऊन गेल्या.

अप्पा अंगानं किरकोळ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्याला रुमाल आणि नाकावर सोलापूरहून आणलेला चष्मा. बोलणं कमी. दुकानात गिऱ्हाईक आलं की ठाण उलगडायचं आणि आधी त्यातली खोड सांगायची. "इथं धागा तुटलाय बघा. रंग दोन धुण्यात उतरंल. घ्यायचं असंल तर घ्या." पेठेतले बाकीचे व्यापारी हसत. पण खेड्यापाड्यांतून लग्नाचा बस्ता बांधायला येणारी माणसं अप्पांकडंच येत, कारण ज्या ठाणाबद्दल अप्पा गप्प बसले ते डोळे मिटून घ्यावं असं सगळ्यांना ठाऊक होतं. घरी कानडी, दुकानात मराठी, अंमलदारांशी दख्खनी. तिन्ही भाषांत ते सारखेच कमी बोलत.

दिवाळीच्या आसपास त्यांचा राग ओसरला. एका दुपारी त्यांनी पुन्हा पेटी आणली, तोच रुपया काढला आणि उजेडाकडं तिरपा धरला. चारमिनाराच्या शेजारी, मोकळ्या जागेत, एक तपकिरी डाग दिसत होता. नीट पाहिलं तर त्यात बारीक रेघा होत्या.

"हा तुमचा अंगठा," अप्पा म्हणाले. "आता हा जायचा न्हाय. पुसायला गेलं तर आणखी बिघडतंय. ऱ्हाऊ द्या. तुमची वळख ऱ्हाईल."

त्या दिवशी त्यांनी मला ही नाणी म्हणजे काय ते सांगितलं. मुंबईचा एक पारशी व्यापारी त्यांना ती पुरवायचा आणि तो त्यांना प्रूफ म्हणायचा. अप्पाही तेच म्हणत. बाजारात चालतो तो रुपया टाकसाळीत यंत्राखालून निघतो आणि धाडदिशी ढिगात पडतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. गिऱ्हाइकाच्या हाती यायच्या आधीच त्याच्या अंगावर शंभर ओरखडे असतात. प्रूफचं तसं नसतं. त्याचा ठसा आरशासारखा घासून घेतात. चांदीची चकतीसुद्धा घासून घेतात. मग माणूस ती चकती हातानं ठशाखाली ठेवतो, यंत्र सावकाश उतरतं, दाबतं, आणि पुन्हा एकदा दाबतं. दोनदा दाबल्यावर राजाच्या दाढीचा केस न् केस आणि फारसी अक्षरांचं टोक न् टोक उठतं. नाणं निघालं की फडक्यात धरून मऊ कापडावर ठेवतात. आणि नव्या ठशातून पहिली थोडीच अशी निघतात. पुढं ठसा झिजतो, मग तो बाजाराच्या कामाला लागतो.

हे सगळं अप्पा कापडाच्या भाषेत सांगत. नाण्याची मोकळी सपाट जागा म्हणजे जमीन. वर उठलेलं चित्र आणि अक्षरं म्हणजे बुट्टी. कडा म्हणजे काठ.

"बाजारच्या रुपयात जमीन अन् बुट्टी एकाच रंगाची. ह्यात बघा. जमीन आरसा, बुट्टी सायीगत पांढरी. नाणं जरा हलवा, आता जमीन काळी झाली न्हवं? खऱ्या आरशात अंधार दिसाय पायजे. आणि काठ बघा. बोट कापंल असा. बसलेला काठ असंल तर म्या घेत न्हाय."

"मग एवढं सगळं असलेलं नाणं चालतं का बाजारात?"

"चालतंय की. रुपयाचं रुपयालाच चालतंय. पण चालवलं की संपलं."

मी सरळ विचारलं, अप्पा, तुम्हाला ह्यात काय आवडतं. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "आमच्या दुकानात दिवसभर पैका येतो. घामाचा, तमाखूचा, कुणाच्या कनवटीचा. वंगाळ न्हाय म्हनत मी. त्यावर तर पोट हाय. पण ह्यानं अजून काय बी विकत घेतलेलं न्हाय. कुनाला फसवलं न्हाय. ह्याला कुनाचा हातच लागलेला न्हाय." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुमचा सोडून."

हा नाद त्यांना हैदराबादेत लागला होता. तरुणपणी ते एका नवाबाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, रेशमाची ठाणं दाखवायला गेले होते. तिथं तबकात दरबाराकडून आलेलं एक नाणं ठेवलं होतं. अप्पांनी सवयीनं हात पुढं केला तर मुन्शीनं हातावर फटका मारला. फटका लागला त्यापेक्षा त्यांना आश्चर्य वाटलं ते ह्याचं, की नाणं असूनही त्याला हात लावायचा नाही. परतीच्या वाटेवर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. रेशमाची ठाणं त्या नवाबानं घेतली की नाही हे त्यांना कधीच आठवलं नाही.

सोमवारी दुकान बंद ठेवून अप्पा पूजा झाली की पेटी घेऊन बसत. डाव्या तळहातावर पांढरं फडकं, त्यावर नाणं, आणि मान खाली घालून बघत राहायचं. लिंगायत माणूस इष्टलिंगही तसंच तळहातावर घेऊन बसतो, त्यामुळं अक्का म्हणायच्या, "आमच्या ह्यांची दोन दोन लिंगं हायत. एकाला फुलं वाहतेत, दुसऱ्याला नुस्तं बघतेत." त्यांची खरी तक्रार वेगळी होती. लक्ष्मीपूजनाला दुकानातले सगळे रुपये त्या चिंचेनं घासून, हळदकुंकू लावून चौरंगावर मांडत. पण पेटीतल्या नाण्यांना हळदकुंकू नाही की अक्षता नाहीत. घरात लक्ष्मी असून पूजा नाही हे त्यांना पटत नव्हतं. तरी त्यांनी कधी पेटीला हात लावला नाही. पेटीखालची धूळसुद्धा त्या अप्पांना विचारून पुसत. नाणं धरायचंच झालं तर दोन बोटांत, कडेनं, हे अप्पांनी त्यांना लग्नानंतर शिकवलं होतं आणि ते त्यांना पाठ होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे चन्नी, त्यांच्या लेकीची लेक. लेक बाळंतपणात गेली आणि जावयानं दुसरा संसार मांडला, तेव्हापासून ही पोर आजी-आजोबांकडं होती. नाकानं शेंबडी, बोलण्यात तरबेज. अप्पांना ती आज्जा म्हणायची आणि माझ्या खोलीत येऊन माझ्या शाईच्या दौतीत काडी बुडवायची. अप्पा जगाशी जेवढं कमी बोलत तेवढी भरपाई चन्नीशी करत.

एकदा कुणीतरी कागाळी केली की कापडवाले अप्पा घरात खोटी नाणी पाडतात. तहसिलीतून एक अंमलदार आला. अप्पांनी मुकाट पेटी उघडली. त्यानं एक रुपया बोटांत धरून डोळे बारीक केले. म्हणाला, "इत्ता चमकरा सो असली कैसा होता?" आणि अप्पांनी तोंड उघडायच्या आत रुपया पायरीच्या दगडावर आपटला. खण्णकन आवाज झाला. तो म्हणाला, "असलीच है," आणि निघून गेला. सराफापासून कांदे विकणाऱ्या बाईपर्यंत सगळे नाणं असंच वाजवून बघत, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. रुपयाचा काठ एका जागी चेपला होता. अप्पांनी तो पुन्हा पेटीत ठेवला नाही. चन्नीला देऊन टाकला. चन्नी तो डोळ्यापाशी नेऊन बघायची आणि ओरडायची, "आज्जा, ह्यात म्या हाय." तो रुपया पुढं कुठं गेला कुणालाच माहीत नाही.

पेटीतली हाली नाणी, म्हणजे निजाम सरकारची, ही त्या पारशी शेटजींच्या मते जोड नसलेली होती. त्यांनी अप्पांना कळवलं होतं की जरा स्थिरस्थावर झालं की मी स्वतः येतो, मुंबईत शौकीन मंडळींसमोर ती मांडू, तुमच्या नावानं. अप्पांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर लोकांनी त्यांना विक्षिप्त म्हटलं होतं. ज्यांना जमीन आणि बुट्टी कळते अशी चार माणसं एकदा ती नाणी बघतील, एवढीच त्यांची इच्छा होती.

स्थिरस्थावर काही झालं नाही. देश स्वतंत्र झाला, आमचं संस्थान बाहेर राहिलं, आणि पुढचा उन्हाळा कसा गेला ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. रोज कुठलं तरी गाव लुटल्याची, जाळल्याची बातमी यायची. शाळा बंद पडली. मी बोचकं बांधलं आणि हद्द ओलांडून सोलापूरला गेलो. अप्पांना त्याच सुमाराला हैदराबादेला जाणं भाग होतं, तिथल्या पेढीवर त्यांचा बराच माल अडकला होता. निघताना ते अक्कांना म्हणाले, "काय झालंच तर पेटी तेवढी सांभाळ. बाकी गेलं तर गेलं." मी अजून निघालो नव्हतो, तिथंच उभा होतो. घरातून निघणारा कुठलाही माणूस असंच काहीतरी बोलतो.

ते गेले आणि मागं वाटा बंद झाल्या.

सोलापुरात एका धर्मशाळेत आमच्या भागातली बरीच माणसं येऊन पडली होती. मी नावं लिहून घेणं, धान्य वाटणं असली कामं करत होतो. एका सकाळी नळदुर्गच्या पेठेतल्या काही बायका आल्या, त्यांच्यात अक्का होत्या. डोक्यावर एक गाडगं, कडेवर चन्नी. पोरीची मान लवंडलेली होती. तिला ताप होता. वैशाखातल्या उन्हात अनवाणी चालून आलेल्या बहुतेक पोरांना तसा ताप होता. काहींचा उतरला. चन्नीचा उतरला नाही. तिला सोलापुरातच माती दिली. अक्का रडल्या नाहीत. त्या परत येऊन गाडग्याजवळ बसल्या. कुणी भाकरी दिली तर खात, नाही दिली तर मागत नसत. रात्रीही बसूनच असत.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. मी यादीतून एक नाव कमी केलं आणि पुढच्या माणसाचं नाव विचारलं. त्या दिवसांत कुणालाच फारसं काही वाटत नव्हतं.

अप्पा आगगाडीनं वाडी जंक्शनवरून फिरून आले ते त्यानंतर काही दिवसांनी. चन्नीचं मीच त्यांना दारात सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोनदा हलवली. मग आत आले आणि अक्कांसमोर बसले. अक्का बोलायला लागल्या, अगदी सपाट आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं.

"गाडीवान वड्यापाशी माघारी फिरला. म्हनला, म्होरं नाका हाय, मी येत न्हाय. मग आमी रानारानानं चाललो. चन्नी म्हनली, आज्जी, उचल. म्या म्हनलं, जरा चाल बाई, डोक्यावर आज्जाचं गाडगं हाय. ती चालली. परत म्हनली, उचल. म्या म्हनलं, थोडंच ऱ्हायलंय. दुसऱ्या दिवशी लई तापली तवा उचलली."

अप्पा ऐकत होते.

"पेटी घेऊन निघाले असते तर कुनी बी हिसकली असती. म्हनून म्या आधीच काढून ठिवले होते. होळीपासून." असं म्हणून त्यांनी गाडग्याचं फडकं सोडलं. आत चिंच होती. वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून गोळे करून ठेवतात तशी, काळी, ओली. अक्कांनी एक गोळा परातीत फोडला. आतून एक रुपया निघाला. दुसरा फोडला, त्यातून आठ आण्यांची अधेली, तिसऱ्यातून चार आण्यांची पावली. "चिंच कोन चोरतंय? आनि चिंचंत चांदी चांगली ऱ्हाती. एकालाबी बोट लावलं न्हाय म्या. तुमी सांगितलं तसं कडंनं धरून एकेक खुपसलं. मोजून घ्या. एक बी गेलं न्हाय."

त्यांनी नाण्यांवर तांब्यानं पाणी ओतलं, फडक्यानं टिपलं, आणि परात अप्पांपुढं सरकवली. भोवती जमलेल्या बायका म्हणाल्या, काय लखलखीत दिसतायत. दिसत होतीच. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर घासलेले रुपये दिसतात तशी.

अप्पांनी एक रुपया दोन बोटांत कडेनं उचलला आणि दाराच्या उजेडाकडं धरला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. एवढ्या वर्षांत मलाही थोडं कळायला लागलं होतं. त्यांनी तो हळूच हलवला. काही झालं नाही. जमीन काळी झाली नाही. आरसा नव्हताच. आंबट आणि मीठ मिळून दोन-अडीच महिने त्याला खात बसलं होतं. जमीन आणि बुट्टी एकाच पांढुरक्या रंगाची झाली होती, काठाशी तांबूस चट्टे आले होते. चारमिनाराशेजारी मी माझा अंगठा शोधला. तोही नव्हता.

अप्पांनी रुपया खाली ठेवला. दुसरा उचलला. तसाच. तिसरा उचलला नाही.

"बरे हायत न्हवं?" अक्कांनी विचारलं. धर्मशाळेत आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघितलं.

अप्पा म्हणाले, "बरे हायत. चांगले ऱ्हायले."

"एक बी गेलं न्हाय."

"न्हाय. एक बी न्हाय."

मग अक्का भिंतीला टेकल्या आणि बसल्या जागी झोपल्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली, त्या उठल्या नाहीत. बायकांनी त्यांच्या अंगावर लुगडं घातलं.

अप्पा आणि मी नळापाशी गेलो. त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. म्हणाले, "मास्तर, पेटी सांभाळ असं म्या म्हनलं. पोरीला सांभाळ असं म्हनलं न्हवतं. ते काय सांगायचं असतंय व्हय?"

मी नळ बंद केला.

"ही नाणी वाया गेली हे तिला कळलं तर ती पोर कशापायी चालली? सांगा की. ह्याच्यापायी चालली असं तिला वाटतंय. तेवढं तरी तिला ऱ्हाऊ द्या. तिला कळता कामा न्हाय. कंदीच न्हाय." एवढं सलग बोललेलं मी त्यांना फक्त नाण्यांबद्दल ऐकलं होतं. आवाजही तसाच होता, कोरडा.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही परत आलो. दुकान साफ झालं होतं. शिसवी पेटी फोडलेली सापडली. मखमलसुद्धा उचकटून नेली होती. त्यावरून अक्का पेठेत सगळ्यांना सांगत, "बघा, पेटीत असते तर गेले असते." त्यात खोटं काही नव्हतं. अप्पांनी सुताराकडून नवी पेटी करून घेतली, सागवानी, साधी. त्यात खाचा पाडून घेतल्या, मखमल लावली. पूर्वीसारखे ते सोमवारी पेटी घेऊन बसू लागले. पूर्वीसारखाच तळहात, फडकं, खाली घातलेली मान. मी एकदा जवळून गेलो तेव्हा पाहिलं, त्यांचे डोळे मिटलेले होते.

दुकान पुन्हा लागलं. गिऱ्हाइकांना खोड सांगायची सवय मात्र राहिली नाही. ठाण उलगडायचं, समोर ठेवायचं, माणूस घेईल ते घेईल. जुनी गिऱ्हाइकं गोंधळायची. "अप्पा, ह्यात काय हाय का?" विचारायची. अप्पा म्हणायचे, "तुमी बघा."

आणि मग एक दिवस पारशी शेटजी आले.

उतारवयाचा, गोरा, काळ्या टोपीचा माणूस, मुंबईहून सोलापूरपर्यंत आगगाडीनं आणि पुढं धुळीतून मोटारीनं आलेला. खिशात भिंग. अक्कांना कोण आनंद झाला. घरात पहिल्यांदाच त्या नाण्यांसाठी कुणी एवढ्या लांबून आलं होतं. त्यांनी शेंगदाण्याची पोळी केली, तूप वाढलं, आणि जेवण झाल्यावर स्वतः पेटी आणून सोप्यावर ठेवली.

अप्पांनी पेटीवर हात ठेवला. म्हणाले, "दिखाना नहीं है."

शेटजींना वाटलं, थट्टा आहे. हसले. अप्पा हसले नाहीत. शेटजींनी समजावलं, मुंबईत लोक वाट बघतायत, मी शब्द दिलाय. अप्पा जमिनीकडं बघत बसले. शेटजी म्हणाले, विकू नका, एकदा नुसतं बघू द्या, मी म्हातारा माणूस एवढा आलो. अप्पांचा हात पेटीवरच होता. अक्का चौकटीत उभ्या होत्या. भिंग एकदा डोळ्याला लागलं असतं की शेटजींनी पहिल्याच रुपयाला विचारलं असतं, हे काय केलंत, कुणी केलं.

शेवटी शेटजी उठले. टोपी घातली आणि मला म्हणाले, "इनके पास कभी कुछ था भी? मेरे कू तो अब शक आता है." मी त्यांना मोटार-अड्ड्यापर्यंत पोचवलं. वाटेत त्यांना खरं सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. त्यांनी मुंबईला जाऊन काय सांगितलं असेल ते सांगायला नको. अप्पांना पुन्हा कुणाचं पत्र आलं नाही. ज्या चार माणसांनी बघावं असं त्यांना वाटत होतं, त्या चार माणसांत अप्पा थापाडे ठरले.

परत आलो तर अक्का अप्पांना बोलत होत्या. "पाव्हणा एवढ्या लांबून आला अन् तुमी झाकण बी उघडलं न्हाय. एवढी कसली हाव?" अप्पा ऐकून घेत होते. ते पुष्कळ दिवस ऐकून घेत राहिले. पण बोलून झालं तरी अक्कांचं समाधान झालेलं नव्हतं. त्यांच्या मनात काहीतरी शिरलं होतं.

माझी बदली उस्मानाबादला झाली. निघायच्या दिवशी मी सोप्यावर ट्रंक आणून ठेवली. मोटारीला थोडा वेळ होता. अप्पा खांबाला टेकून बसले होते. अक्का बाहेर आल्या, त्यांच्या हातात ती पेटी होती. त्या माझ्यासमोर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"मास्तर, तुमी आता चाललात. एक विचारते, खरं सांगा. हे मला सांगायचे न्हाईत. त्या पारश्याला ह्यांनी का दावलं न्हाय? माझ्या हातनं कायतरी बिघडलंय का?"

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा खांबापासून सरळ झाले.

"मास्तरला काय कळतंय त्यातलं? त्यांनी तर अंगठा लावला होता. आण हिकडं."

त्यांनी पेटी मांडीवर घेतली. अक्कांना हाताला धरून दाराच्या उजेडात आपल्याशेजारी बसवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी अक्कांना शेजारी बसवून एकही नाणं दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. पेठेतून येणारंजाणारं बघत होतं, त्याची त्यांनी पर्वा केली नाही. त्यांनी रुपया कडेनं उचलला आणि अक्कांच्या डोळ्यांसमोर धरला.

"ही जमीन. आरसा हाय बघ. आता म्या हलवतो. काळी झाली न्हवं?"

अक्का डोळे बारीक करून बघत होत्या.

"झाली न्हवं काळी?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "झाली."

"अन् ही बुट्टी. सायीगत पांढरी. हे मिनार बघ, चारी. मधली कमान आत उभं ऱ्हाता येईल अशी खोल हाय. अक्षराची टोकं बघ, काट्यागत. काठ बघ. मुंबईत असा दुसरा न्हाय. पारशी घेऊन गेला असता, म्हनून उघडली न्हाय म्या. तू एवढ्या लांबून आणलीस ती काय त्याला द्यायला?"

अक्कांनी रुपयाकडं पाहिलं, मग अप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मग बरं," त्या म्हणाल्या. "मास्तर, थांबा. वाटंला भाकरी बांधते."

त्या आत गेल्या. अप्पांनी रुपया खाचेत ठेवला आणि अधेली उचलली. तिरपी धरली. तिची जमीन, तिची बुट्टी, तिचा काठ सांगू लागले, हळू आवाजात, समोर कुणी नव्हतं तरी. मी ट्रंकेवर बसून ऐकत होतो. अक्कांनी फडक्यात बांधलेली भाकरी आणून माझ्या हातात दिली आणि पुन्हा चुलीकडं गेल्या. अप्पांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा ते पावलीपर्यंत आले होते.